मागच्या गेटची फांदी

बोधी झाली आणि चैतालीला जमिनीची भीती वाटायला लागली.

आधी ती अशी नव्हती. सुरतेत, डिंडोलीच्या गल्ल्यांतून सायकल हाणत शाळेत जाणारी पोरगी; गटार आडवं आलं की दोन्ही पाय वर, खड्डा दिसला की शिटी. पण लेकरू कडेवर आलं आणि रस्ता एकाएकी पोकळ वाटू लागला. गॅसच्या लाइनीसाठी खणलेले चर, फुटक्या फरश्या, न झाकलेली गटारं. पाऊल टाकायच्या आधी तिथं डोळा टाकायची तिला सवयच लागली. नवरा, प्रज्ञेश, चिडवायचा, "रस्त्यात काय पडलंय गं तुझं? सापडलं तर मलापण अर्धं दे." तो पांडेसऱ्याला कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये रंग मिसळायच्या कामावर होता. उकळत्या टाक्यांच्या कडेनं दिवसभर वावरणाऱ्या माणसाला गटाराची भीती काय सांगायची? ती नुसतं हसायची आणि बोधीला थोडं जास्त आवळून धरायची.

कॉलेज खाडीच्या काठावर होतं. चैतालीचं एम. ए.चं शेवटचं वर्ष. बाळंतपणात शिक्षण सुटलं होतं, ते परत सुरू झालं सासूबाईंमुळे, अंजनाबाईंमुळे. सासरे रेल्वेत होते, बोदवडकडून नोकरीपायी सुरतेला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर अंजनाबाई साड्यांना खडे लावायच्या कामावर जाऊ लागल्या. त्या म्हणाल्या होत्या, "मले सही येते, पण सहीपुढचं काही येत नाही. तू अर्ध्यात सोडू नको. सकाळी पोरगी मी पायतो, दुपारी तू पाय."

तशी वाटणी पडली. दुपारी कामावर जाताना अंजनाबाई बोधीला घेऊन कॉलेजच्या मागच्या गेटानं आत यायच्या. आत पाण्याच्या उंच टाकीखाली एक सिमेंटचं बाकडं होतं. तिथं आडोशाला बसून चैताली बोधीला पाजायची, मग मायलेकी घरी निघायच्या. बोधी दीड वर्षाची. गेटातून टाकी दिसली की आजीच्या कडेवरूनच पुढं झेपावायची. आजीला पावलं भराभर टाकावी लागायची.

गेट आणि बाकडं यांच्या मधोमध गटाराचं चेंबर होतं, माणूस आत जाईल एवढं. त्याला झाकण नव्हतं.

झाकण नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यात फांदी उभी असायची. लिंबाची नाहीतर सुबाभळीची, माणसाच्या छातीएवढी, टोकाला लाल चिंधी. सुरतेत अशा फांद्या गल्लोगल्ली दिसतात, पण ही फांदी 'आंगणुं'ची होती. 'आंगणुं' म्हणजे कॉलेजच्या मुलांचं छापील वर्तमानपत्र. महिन्यातून एकदा निघायचं, सगळं गुजरातीत. शेवटचं पान मात्र मराठी, खानदेशातून आलेल्या गिरणीकामगारांच्या पोरांसाठी. मराठी पानाचा संपादक बदलला की जुना संपादक नव्याला मागच्या गेटाकडे न्यायचा आणि फांदी त्याच्या हाती द्यायचा. हे कधी, कुणी सुरू केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी जुन्या संपादकानं, सुकदेवनं, चैतालीला तिथं नेलं होतं. त्याचे वडील गिरणीतून साड्यांच्या कापलेल्या काठांच्या चिंध्या आणायचे, त्यातल्या लाल चिंध्यांची एक पुरचुंडीच त्यानं तिला दिली. म्हणाला, "हे तुझं खरं ऑफिस. मजकूर एखादवेळ चुकला तरी चालेल, फांदी चुकायची नाही. सुकली की बदल. पावसात रोज बघ."

गुजराती पानवाले टिंगल करायचे. "चैतालीबेन, तमारुं झाड केटलुं मोटुं थयुं?"

"तुम्ही पाणी घाला, मग होईल मोठं," ती म्हणायची. आणि दुपारी बोधीला घ्यायला गेली की आधी फांदीकडे बघायची, मग लेकीकडे.

त्या पावसाळ्यात 'आंगणुं'चा पंचविसाव्या वर्षाचा खास अंक निघायचा होता. मराठी पानासाठी चैतालीनं 'जुन्या पानांतून' असं सदर ठरवलं आणि साक्षीला मदतीला घेतलं. साक्षी पहिल्या वर्षाची, डिंडोलीचीच, फोटो काढायची भलती हौस. वाचनालयाच्या शेजारच्या खोलीत, पहिल्या मजल्यावर, दोघी जुने अंक चाळत बसायच्या. सुरुवातीला हसून हसून पोट दुखायची वेळ आली.

"दीदी, हे ऐका. 'कूलरचे पाणी चहापेक्षा गरम आहे.' हे कधीचं?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हाचं."

"आणि आजसुद्धा गरमच आहे." साक्षीनं दुसरा अंक उघडला. "'मुलींच्या बाथरूमची कडी लागत नाही.' अरे, ही कडी तर मी रोज धरून बसते."

निकाल उशिरा लागतात. बस वेळेवर येत नाही. वाचनालयातला पंखा फिरतो, पण वारा दुसऱ्या कॉलेजला देतो. लिहिणाऱ्यांची नावं बदलत होती, अक्षरांचा छाप बदलत होता, तक्रारी त्याच.

मग चेंबर आलं.

हिलाल नावाच्या कुण्या संपादकानं अगदी सुरुवातीच्या अंकात लिहिलं होतं: 'मागच्या गेटाजवळच्या चेंबरवर झाकण नाही. कोणी पडल्यावरच ते बसवायचे असे ठरले आहे काय?' खाली चौकटीत उत्तर: लवकरच योग्य ती कार्यवाही होईल. काही वर्षांनी सोनालीनं लिहिलं होतं की लोखंडी झाकण बसवलं, ते भंगारवाल्याकडे गेलं, आणि काल त्यात एक शेळी पडली. पुन्हा चौकट, पुन्हा योग्य ती कार्यवाही. मग सुपडू नावाचा कुणी विनोदी पोरगा: 'एक झाकण हरवले आहे. शोधून आणणाऱ्यास तेच झाकण बक्षीस देण्यात येईल.' त्यानंतर सिमेंटचं झाकण आलं, वाळूच्या ट्रकखाली फुटलं. कॉलेज म्हणे ते गटार महापालिकेचं, महापालिका म्हणे भिंतीच्या आत आहे म्हणजे कॉलेजचं.

सुपडूच्या जाहिरातीवर साक्षी खो खो हसली. चैतालीचं हसू मात्र मध्येच थांबलं. तिच्या मनात आलं, हिलालला आता पोरंबाळं असतील. त्यातलं एखादं कॉलेजच्या वयाचं झालं असेल आणि याच गेटानं येत असेल. जो येतो तो पहिल्या वर्षी दचकतो, दुसऱ्या वर्षी लिहितो, तिसऱ्या वर्षी सवय होऊन निघून जातो. भोक तेवढं कुठंच जात नाही.

"काय झालं दीदी?"

"काही नाही. ही हिलालची बातमी घेऊ आपण."

शनिवारी कॉलेज तपासायला कुठलीशी कमिटी आली. त्यासाठी भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, आणि कमिटी मागच्या गेटानं आत येणार, धक्काबुक्की नको म्हणून त्या दिवशी ते गेट मुलांसाठी बंद ठेवलं. चैतालीनं बोधीला पुढच्या गेटावर घेतलं. मग रविवार. सोमवारी पहाटेपासून पाऊस लागला.

सकाळी चैताली आली तेव्हा पुढच्या गेटाशी नुसता चिखल होता. पण वरून पाऊस आणि खालून समुद्राची भरती अशी गाठ पडली की खाडी पाणी घेत नाही, उलट ओकते, हे सुरतेत शाळकरी पोरालाही कळतं. अकराच्या सुमाराला गटारांतून पाणी उलटं वर यायला लागलं. बाहेरचा रस्ता दर खेपेला डांबराचे नवे थर चढून उंच झालेला. कॉलेज खाली, बशीसारखं. सगळं पाणी आत. तास सुटले. पोरं व्हरांड्यात उभी राहून ओरडत होती, मोबाइलवर शूटिंग करत होती.

चैताली खिडकीशी गेली. मागचं गेट तिथून दिसत नव्हतं, मध्ये लिंब होता.

"तुमच्या सासूबाई आज कशाला येतील, दीदी? एवढ्या पावसात?"

"त्या येतील." अंजनाबाईंचा खाडा म्हणजे त्या दिवसाचं काम दुसरीला. आणि गल्लीत पाणी घोट्याएवढंच असणार, रस्ता उंच ना. त्यांना काय कळणार आत काय झालंय? "पण फांदी आहे," ती स्वतःलाच म्हणाली. "फांदी दिसते त्यांना. तिला वळसा घालून येतात."

तिनं फोन लावला. फोन वाजत राहिला. पावसात अंजनाबाई फोन घरीच ठेवायच्या, तांदळाच्या डब्यावर. एकदा भिजला होता तेव्हापासून. प्रज्ञेशचा फोन गिरणीच्या दारावर जमा असायचा. तरी तिनं तोही लावला. नुसती रिंग.

"तोपर्यंत पहिलं पान तरी बघा," साक्षी म्हणाली. तिला चैतालीचं मन दुसरीकडे वळवायचं होतं, आणि खरं तर फोटोपण दाखवायचा होता. पहिल्या पानावर तिचा पहिलाच फोटो जाणार होता. तिनं कॉम्प्युटरवर पान उघडलं. मागचं गेट, ताजा निळा रंग, वर स्वागताची कमान, बाजूला पाण्याची टाकी. खाली, मोकळ्या जागेच्या मध्यभागी, झेंडूची एक कुंडी. छान ऊन पडलेलं.

चैताली बघत राहिली. काहीतरी कमी होतं. टाकी होती, बाकडं होतं, गेट होतं.

"साक्षी, फांदी कुठंय?"

साक्षीचा चेहरा आधी नुसता गोंधळला, मग हळूहळू पांढरा पडला.

"दीदी, ती फोटोत घाण दिसत होती. वाळलेली पानं, ती चिंधी. मी नुसती उपटून भिंतीला लावून ठेवली. माळी भूपेंद्रभाईंनी भोकावर प्लायवूड टाकलं, त्यावर कुंडी ठेवली. कमिटी गेल्यावर परत लावणार होते, आईशपथ. मग गेट उघडलंच नाही, आणि मी घरी—"

चैतालीनं पुढचं ऐकलं नाही. ती जिन्याकडे निघाली होती. प्लाय आहे, ती मनाशी म्हणत होती, प्लाय आहे, वर कुंडी आहे, जड आहे, एवढ्यात नाही हलणार.

जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या. तिथं पोरांचा घोळका. एका चौकोनी फळीवर कुणी आपली चप्पल ठेवली होती, कुणी चहाचा कागदी कप, आणि पायानं ढकलत ते तिची नाव करत होते. "डुमसच्या चौपाटीला जायचंय का कुणाला? एक सवारी, एक सवारी." फळी पायरीला येऊन धडकली आणि वळली. तिच्या मध्यावर चिखलाचा गोल वळ होता. कुंडीच्या बुडाएवढा.

चैतालीनं तो ओळखला. छातीत दूध दाटून आलं, कुडता ओला झाला. ही बोधीची वेळ होती. अंगाला ती वेळ घड्याळापेक्षा आधी कळायची.

ती उलटी वर धावली. वाचनालयाच्या दाराशी वर्तमानपत्रं लटकवायच्या लाकडी काठ्या असतात, हातभरापेक्षा बऱ्याच लांब. तिनं एका काठीतलं वर्तमानपत्र ओढून टाकलं आणि काठी घेऊन खाली आली. व्हरांड्याच्या टोकाला भूपेंद्रभाई पँट गुडघ्यावर दुमडून उभे होते. मागं कमरेएवढं पाणी, म्हणून त्यांनी हात आडवा केला.

"बेन, पाछळ नहीं जवानुं. केड सुधी पाणी छे."

"मारी सासू आवे छे. पोरीने लईने. ने तमारुं प्लाय तो अहीं तरे छे."

भूपेंद्रभाईंनी वळून जिन्याकडे पाहिलं. पाण्यावर तरंगणारी ती फळी त्यांनी ओळखली. अंजनाबाईंना ते रोज बघत. बोधीला झेंडूचं फूल द्यायचे. ते तडक पुढच्या गेटाकडे निघाले, बाहेरून वळसा घालून गल्लीत पोचायला. तो रस्ता लांबचा होता. हे दोघांनाही माहीत होतं.

चैताली पाण्यात उतरली.

आधी प्रयोगशाळेच्या भिंतीला हात लावून गेली. पाणी मांडीपर्यंत, मग वर. त्यात चपला, बाटल्या, झेंडूची फुलं. भिंत संपली आणि पुढं नुसतं तपकिरी सपाट पाणी पसरलेलं, त्यात पावसाच्या थेंबांचे फोड. रोज ज्या जागेवरून ती डोळे मिटून गेली असती, ती जागाच नव्हती. टाकीचे खांब होते, पलीकडे निळं गेट होतं, मध्ये काहीच नव्हतं. फांदी असली की सगळं आपापल्या जागी असायचं. आता तिला वाटायला लागलं की चेंबरचं तोंड पाण्याखाली सरकतंय. ती डावीकडे गेली की तेही डावीकडे येतंय.

तिनं काठी पुढं टेकवली. जमीन. एक पाऊल. पुन्हा काठी. जमीन. आपल्याला काही झालं तर बोधीला दूध कोण पाजणार, हा एक विचार, आणि आपण थांबलो तर बोधीलाच काही होईल, हा दुसरा. दोन्ही विचार तिला दोन बाजूंनी ओढत होते आणि ती मध्ये काठी टेकवत चालली होती.

निळं गेट हललं.

आधी छत्री आत आली, मग अंजनाबाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कडेवर बोधी, साड्यांच्या पार्सलाचं मोठं प्लास्टिक डोक्यावरून पांघरलेलं, त्यातून फक्त तोंड बाहेर. तिला आई दिसली. दोन्ही हात प्लास्टिकबाहेर आले.

"आत्या, थांबा तिथंच."

टाकी भरून वाहत होती, पत्र्यावर पाऊस कोसळत होता. आवाज चार हात गेला असेल नसेल. चैतालीनं हात हलवला, मागं जा, मागं जा. अंजनाबाईंना तो 'या, या' असाच दिसला असावा. त्यांनी मान डोलावली, छत्री सावरली आणि पाण्यात पाऊल टाकलं. रोजच्या सवयीनं, सरळ टाकीच्या दिशेनं. फांदी दिसली की त्या वळायच्या. आज वळायचं कुठं?

दुसरं पाऊल.

चैताली काठी टेकवायची विसरली. ती पाण्यातून नुसती पुढं घुसली, जशी स्वप्नात माणसं पळतात, सगळा जोर लावून जागच्या जागी. काठी दोन्ही हातांत आडवी धरलेली. आणि तिच्या उजव्या पायाखालची जमीन गेली.

ती छातीपर्यंत खाली गेली. पाणी तोंडात आलं, त्याला गंज आणि साबणाची चव होती. पाय खाली शोधत होता आणि खाली काहीच नव्हतं, फक्त एक गार ओढ. मग दोन्ही खांद्यांना जोराचा हिसका बसला. काठी चेंबरच्या तोंडावर आडवी बसली होती. दोन्ही टोकं दोन्हीकडच्या कडांवर. ती ताठ हातांनी काठीवर तोलून होती, पाणी हनुवटीपर्यंत.

अंजनाबाई जागच्या जागी थिजल्या. छत्री हातातून सुटून उलटी तरंगत गेली.

"चैते." एवढंच. मग त्या पुढं सरकल्या, सुनेला हात द्यायला, लेकरू कडेवर घेऊनच.

"आत्या." चैतालीचा आवाज आता अगदी हळू होता, आणि तो कसा कोण जाणे, पोचला. "पाय उचलू नका. मी भोकावरच आहे. पोरगी आहे तुमच्याकडे."

अंजनाबाईंनी पाय उचलला नाही. बोधीला मात्र एवढी घट्ट धरली की ती रडायला लागली.

चैतालीनं डावा गुडघा कडेवर टेकवला, पोटावर ओढत वर आली. उभी राहिली. मग काठी उचलून त्याच भोकात सरळ सोडली; थोडी आत गेल्यावर ती एका बाजूला अडकली, टोक पाण्यावर जेमतेम उरलं. तिनं ती धरून ठेवली. आता तिला कळत होतं जागा कुठंय. आपल्या पायाच्या अंगठ्यापुढं.

"आता मागं फिरा. आल्या तशाच. गल्लीत चहाच्या टपरीच्या ओट्यावर जाऊन बसा."

"अन् तू?"

"मी येते."

"ये न मंग. लेकरू रडू रायलं तुह्यासाठी."

चैताली हलली नाही. अंजनाबाईंच्या मागं गेटात आणखी माणसं दिसत होती. पलीकडच्या शाळेतली पोरं सुटली होती, दप्तरं डोक्यावर. कॉलेजातून आडवं गेलं की त्यांना घर जवळ पडायचं. इकडून व्हरांड्यातली कॉलेजची पोरंही निघाली होती, पुढच्या गेटाशी गाड्या अडकल्या म्हणून. सगळ्यांची वाट इथूनच. आणि पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं.

"आत्या, मी इथून हलले तर ही जागा परत सापडायची नाही."

अंजनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग मागं वळून शाळेच्या पोरांवर ओरडल्या, "ए, भितीच्या कडेनं. भितीच्या कडेनं चाला. मधात पाय नका टाकू." आणि बोधीला घेऊन गेटाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. टपरीवर गेल्या नाहीत.

बोधी हात पुढं करून रडत होती. रोज आई धावत यायची, ओढणीआड घ्यायची. आज आई समोर उभी होती, बघत होती, आणि येत नव्हती. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आधी ती रागानं रडली, मग घाबरून, मग तिचा आवाज बसला आणि ती नुसतं बघत राहिली. रडणं सोसलं असतं, ते बघणं चैतालीला सोसवेना. कुडत्यातून दूध पाझरून पावसात जात होतं. तिनं काठी सोडली नाही.

पोरं बाजूनं जात होती. एक जण जाता जाता म्हणाला, "मॅडम ट्रॅफिक पोलीस झाल्या की काय?" दुसऱ्यानं खाली काठीकडे पाहिलं आणि पहिल्याचा दंड धरून त्याला लांबून नेलं.

साक्षी भिंतीच्या कडेकडेनं आली. डोळे लाल.

"दीदी, तुम्ही जा. मी उभी राहते."

"तू भिंतीशीच थांब."

"माझ्यामुळे झालं ना. मी राहते."

"तुझी आई पण घरी वाट बघते आहे," चैताली म्हणाली. "थांब तिथंच. माझ्याशी बोलत राहा फक्त. माझे पाय गळायला लागलेत."

मग साक्षी बोलत राहिली. काय बोलावं सुचेना, म्हणून पाठ झालेलं बोलली. कूलरचं पाणी चहापेक्षा गरम आहे. पंखा वारा दुसऱ्या कॉलेजला देतो. एक झाकण हरवले आहे. तिथं तिला हुंदका आला.

भूपेंद्रभाई गल्लीतून आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर लिंबाची ओली फांदी होती, कुठल्या झाडाची तोडली देव जाणे. ते काठीच्या अंदाजानं आले, फांदी खाली घातली, विटांचे तुकडे टाकून ती घट्ट बसवली. लाल चिंधी कुणाकडे नव्हती. साक्षीनं गळ्यातली ओळखपत्राची लाल फीत काढून दिली. भूपेंद्रभाईंनी ती टोकाला बांधली, दोनदा गाठ मारली आणि चैतालीकडे न बघता म्हणाले, "मारी भूल छे, बेन."

चैतालीनं काठी सोडली. ती भिंतीच्या कडेनं गेटापर्यंत गेली. बोधीला घेतलं. बोधी लगेच बिलगली नाही. आधी तिनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, ओल्या हातानं गालाला हात लावला, मग कुडत्यात तोंड खुपसलं. तिथंच, गेटाच्या खांबाशी, पावसात उभ्यानं चैतालीनं तिला पाजलं. अंजनाबाई प्लास्टिक दोघींवर धरून उभ्या राहिल्या.

"तुह्या पायाले लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आत्या."

रक्त येत होतं. पण ते दोघींनाही तेव्हा दिसलं नाही.

अंक पंधरा दिवसांनी निघाला. साक्षीनं आपला फोटो स्वतःच काढून टाकला. पहिल्या पानावर कमिटीचा गटफोटो गेला. मराठी पानाच्या मधोमध चैतालीनं हिलालची बातमी जशीच्या तशी छापली, एक शब्द न बदलता. 'कोणी पडल्यावरच ते बसवायचे असे ठरले आहे काय?' वर सदराचं नाव होतं, 'जुन्या पानांतून'. छापायच्या आधी अंकाचं काम बघणाऱ्या मॅडमनी पान वाचलं, कौतुकानं हसल्या आणि म्हणाल्या, "किती गोड होती ना तेव्हाची मुलं?" आणि सही केली. चैतालीनं त्यांना आपला पाय दाखवला. टाके होते. मॅडमचं हसू गेलं. त्याच आठवड्यात सिमेंटचं झाकण आलं.

ते नीट बसलं की नाही हे चैतालीनं टाच आपटून पाहिलं. नीट बसलं होतं. हिलालच्या बातमीनंतरचंही बसलं असेल. तिनं शेजारी विटा रचून फांदी उभी केली, तशीच. साक्षी आता पावसात रोज जाऊन बघते.

त्या दिवशी झाकण बघून चैताली बोधीला घेऊन घरी निघाली. खाडीचं पाणी ओसरलं होतं, रस्ताभर गाळ. डिंडोलीच्या वळणावर गटार खचलं होतं, आणि लोकांनी त्यात बाभळीची फांदी खोचून वर जुन्या ओढणीचा तुकडा बांधला होता.

बोधीनं कडेवरून बोट केलं.

"आई."

"काय गं राणी?"

पण ती आईकडे बघत नव्हती. ती फांदीकडे बघत होती. थोडं पुढं, किराणा दुकानासमोर, आणखी एक. सुबाभळीची, लाल पिशवी बांधलेली. बोधीचं बोट तिकडे वळलं. "आई." मग गल्लीच्या तोंडाशी तिसरी. "आई."

त्या पावसात चैतालीही अशीच भोकाशी उभी होती, जागची न हलता. तिनं बोधीला दुसऱ्या कडेवर घेतलं, रस्त्याच्या बाजूनं नाही, भिंतीच्या बाजूनं. आणि नजर खाली ठेवून, एकेक पाऊल बघत, ती घराकडे चालत राहिली. पुढं गल्लीत अजून किती होत्या, ते तिनं वर मान करून पाहिलं नाही. बोधी सांगत होतीच.